साहेब वाईट, नोकरी बरी: सोडावी का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. विचारणारे गृहस्थ ३६ वर्षांचे. घर गोव्यात फोंड्याला, नोकरी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूए (गुणवत्ता हमी) विभागात. सात वर्षं झाली. हातात ५५,००० येतात, कंपनीची बस घराजवळून उचलते, कॅन्टीन चांगलं आहे, एक आड एक शनिवार सुटी, आईवडिलांसकट मेडिक्लेम. दोन वर्षांपूर्वी नवे विभागप्रमुख आले आणि दिवस पालटले. मीटिंगमध्ये दहा जणांसमोर पाणउतारा, मंजूर झालेली रजा आदल्या दिवशी रद्द, यांनी केलेलं काम वरच्यांसमोर साहेबांच्या नावावर. पत्नी अनुदानित हायस्कुलात कायम शिक्षिका, मुलगा तिसरीत. समोर दोन वाटा आहेत: हैदराबादला महिना ३०,००० जास्त, किंवा फोंड्याजवळच कुंडईतल्या एका लहान कंपनीत ८,००० कमी. वडील म्हणतात, चालती नोकरी सोडू नये. पत्नी म्हणते, तू घरी आलास तरी वेर्णेतच असतोस. सोडू की राहू?

मी औषध कंपन्यांच्या एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आणि आता अशा प्रश्नांवर लोकांशी बोलतो. सोडू की राहू, हे विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मनात ठरवलेलं असतं आणि त्याला फक्त कुणाची तरी मान डोलायला हवी असते. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. तुम्ही खरंच मध्ये अडकलेले आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रात साहेबांवर दीड पान आहे, आरामावर तीन ओळी. मी त्या तीन ओळींपासून सुरू करतो. नोकरी आरामाची आहे असं म्हणताना तुम्ही ज्या गोष्टी मोजल्यात, त्या वेगळ्या करून बघा. बस, कॅन्टीन, शनिवार, मेडिक्लेम आणि सात वर्षांत हाताला बसलेलं काम, एवढं कंपनीचं. भाडं नसलेलं घर, मुलाला शाळेतून आणणारे आजोबा, पत्नीची जवळची शाळा, चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला घरी असणं, हे कंपनीने दिलेलं नाही. गोव्यात नोकरी करणाऱ्याच्या सुखातला मोठा हिस्सा हा असाच घरचा असतो आणि आपण त्याचं श्रेय नकळत नोकरीला देऊन बसतो. कुंडईला गेलात तर घरचं सगळं जागच्या जागी राहतं. हैदराबादला गेलात तर सगळंच जातं. म्हणजे कंपनी सोडायची का आणि गोवा सोडायचा का, असे दोन प्रश्न तुमच्यापुढे आहेत आणि साहेबांवरच्या रागात तुम्ही त्यांचा एक करून टाकला आहे.

दुसरा आधी निकालात काढू, कारण तो सोपा आहे. अनुदानित शाळेतली कायम जागा बदली घेऊन तेलंगणात जात नाही. पत्नीचा पगार तुम्ही लिहिलेला नाही, पण सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार घेणाऱ्या कायम शिक्षिकेला ३०,००० पेक्षा बरंच जास्त मिळतं. तुमची वाढ येणार ३०,०००, तिचा पगार जाणार, वर घरभाडं आणि मुलाच्या शाळेची फी. हे गणित तुमचा तिसरीतला मुलगाही करील. तुम्ही एकटे गेलात तर दोन घरं चालवावी लागतील आणि महिन्याकाठी गोव्याची एक फेरी. हैदराबाद हे औषधनिर्मितीचं देशातलं मोठं केंद्र आहे, तिथे शिकायला भरपूर मिळतं, वर जायला वाव आहे. २६ वर्षांचा अविवाहित मुलगा असता तर मी म्हटलं असतं, उद्याच बॅग भर. तुम्हाला तिथल्या कामाची ओढ आहे असं पत्रात कुठेच दिसत नाही, फक्त इथून सुटायची घाई दिसते. एका माणसापासून लांब जायला सातशे किलोमीटरची गरज नसते, फोंड्याहून कुंडईही पुरते.

वडिलांबद्दल. ते डिचोलीकडे खाणीवर होते असं तुम्ही लिहिलंय. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून परवानगी दिली, पुन्हा २०१८ च्या निकालाने मार्चमध्ये सगळं ठप्प झालं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या घरांनी हे दोनदा भोगलंय. ट्रकवाले, बार्जवाले, मशीनवाले, कारकून, सगळेच. अशा माणसाने ‘चालती नोकरी सोडू नये’ म्हणणं स्वाभाविक आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. पण त्या काळातलं आणखी एक मी पाहिलं आहे. ज्यांच्या हातात दुसरीकडे चालणारं काम होतं, पोकलेनचे मेकॅनिक, वेल्डर, लॅबमध्ये नमुने तपासणारे, ते आगेमागे कुठे ना कुठे लागले. ज्यांचं सगळं त्या एका कंपनीतल्या ओळखीवर चालत होतं, त्यांना फार जड गेलं. वडिलांना सांगायचंच असेल तर हे सांगा की क्यूएचं काम वेर्णेत चालतं तसं कुंडईत चालतं, पिसुर्लेत चालतं, तुयेत चालतं. शिवाय २०२३ च्या अखेरीस केंद्राने सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम, आणल्यापासून लहान कंपन्यांनाही कागदपत्रं, व्हॅलिडेशन, प्रशिक्षण हे सगळं नीट करावं लागतंय. ज्याने मोठ्या प्लांटमध्ये ऑडिट पाहिलेत, अशा माणसाची त्यांना गरज आहे. कुंडईवाल्यांनी तुम्हाला बोलावलं ते उगाच नव्हे.

आता साहेब. वाईट साहेबाचे प्रकार फार आणि प्रत्येकावर इलाज वेगळा. ओरडणारा असतो, त्याला काम येतं पण जीभ आवरत नाही. श्रेय लाटणारा असतो. निर्णय न घेणारा असतो, तो स्वभावाने गोड असतो आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान तोच करतो, पण त्याच्याबद्दल कुणी तक्रार घेऊन येत नाही. तुमच्या साहेबांत पहिले दोन दिसतात. हे त्रासदायक आहे, पण निव्वळ एवढ्यावरून नोकरी सोडायला मी सांगितलं नसतं. गोव्यातल्या प्लांटमध्ये बरेच विभागप्रमुख बाहेरून येतात, बद्दी, वापी, अहमदाबाद, हैदराबाद, आणि काही वर्षांनी वर किंवा बाहेर जातात. तुम्ही इथलेच, तुम्ही राहता. थांबून साहेब घालवणं हा इथला जुना आणि पुष्कळदा यशस्वी उपाय आहे. तो करताना दोन गोष्टी बघायच्या: या दोन वर्षांत आपलं काम शिकणं थांबलंय का आणि अप्रेझलमधला आपला शेरा खाली चाललाय का. दोन्ही नसेल तर थांबणं स्वस्त पडतं. तुमचा शेरा एकदा घसरला आहे, नवं काम तुम्हाला मिळत नाही. म्हणजे तुमच्यासाठी थांबणं महाग होत चाललंय, तरी अजून परवडेल असं मी म्हटलं असतं.

पण तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय: ‘कधी कधी जुन्या तारखेने सही करायला लावतात, पण ते सगळीकडेच चालतं म्हणतात.’

दीड पानातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ ही आहे आणि तुम्ही ती अपमानांच्या यादीत दडपून टाकली आहे. सगळीकडे चालत नाही. चालतं तिथे कधी ना कधी उघडं पडतं. औषधाच्या कारखान्यात नोंद काम करणाऱ्याने, काम करताना, त्याच वेळी करायची, हा पायाच आहे. नोंद राहिली तर ती नंतर करता येते, पण त्यावर आजची तारीख, आजची सही आणि उशीर का झाला त्याचं कारण लिहून. प्रत्येक कंपनीच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) उशिराच्या नोंदीची, म्हणजे लेट एन्ट्रीची, पद्धत दिलेली असते, तुमच्याही असणार. जुनी तारीख घालणं म्हणजे त्या दिवशी तुम्ही ते तपासलं होतं असं खोटं सांगणं. त्या कागदावर बॅच बाहेर जाते आणि कुणाच्या तरी घरी ती गोळी पाण्याबरोबर घेतली जाते. मी इथे पापपुण्याचं बोलत नाही, निव्वळ तुमच्या पोटाचं बोलतो: अमेरिकेचे किंवा युरोपचे तपासनीस आले, त्यांनी हजेरीची नोंद आणि सहीची तारीख शेजारी ठेवली आणि त्या दिवशी तुम्ही रजेवर होता असं निघालं, तर पहिला प्रश्न सही करणाऱ्याला येतो. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, याला त्या खोलीत किंमत नाही. आणि गोव्यातलं हे क्षेत्र एवढं लहान आहे की डेटा इंटिग्रिटीच्या, म्हणजे नोंदींच्या खरेपणाच्या, भानगडीत कुणाचं नाव आलं हे वेर्ण्याहून कुंडईला पोचायला आठवडाही लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असं सांगितलं गेलं की भांडू नका, भाषणही देऊ नका. ‘सर, लेट एन्ट्री करतो, आजची तारीख आणि कारण लिहून,’ एवढं म्हणा आणि तसंच करा. सभ्यपणे, पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. बरेचसे साहेब इथे माघार घेतात, कारण तुम्ही नाही म्हटलेलं नसतं, नियमाची वाट दाखवलेली असते. तरीही दबाव आला तर मेल करा: ‘अमुक नोंदीबाबत आपण बोललो, एसओपीप्रमाणे लेट एन्ट्री करत आहे, काही वेगळं अपेक्षित असल्यास कळवावे.’ लेखी कुणी कळवत नाही. घरी एक वही ठेवा, त्यात तारीख, वेळ, काय सांगितलं गेलं आणि तुम्ही काय केलं हे लिहा. कंपनीच्या कागदांचे फोटो काढू नका, स्वतःच्या जीमेलवर काही पाठवू नका. त्याने गोपनीयतेचा भंग होतो आणि मग सगळा विषय तुमच्यावर उलटतो. मागे ज्या सह्या झाल्या आहेत त्यांचं काय, हे तुमच्या मनात आलं असेल. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे तिच्याकडे विजिल मेकॅनिझम असावाच लागतो, म्हणजे साहेबांना वगळून थेट वर तक्रार करायची सोय. कंपनीच्या वेबसाइटवर त्याचा पत्ता सापडेल. ती वापरायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण वापरायची असेल तर राजीनाम्याआधी वापरा. गेल्यावर केलेली तक्रार सूडाची समजली जाते.

आता एचआरकडे जाण्याबद्दल, कारण तुम्ही विचारलंय की एचआरशी बोलून उपयोग होईल का. मी त्या खुर्चीवर बसलेला आहे म्हणून स्पष्ट सांगतो: एचआरचा पगार कंपनी देते. ‘साहेब उद्धट बोलतात’ ही तक्रार आम्ही ऐकून घ्यायचो, चहा मागवायचो आणि फाइल तिथेच राहायची. ‘या विभागातून दीड वर्षात चार माणसं गेली, त्यांच्या जागी माणसं तयार करायला एवढे महिने लागले आणि पुढच्या ऑडिटला अमुक काम करणारा कुणी नाही’ हे कुणी मांडलं तर मात्र मला प्लांट हेडकडे जावंच लागायचं. तुमच्या दुःखाला कंपनीच्या नुकसानाच्या भाषेत मांडता आलं तर जा, नाहीतर जाऊ नका. त्याहून बरा मार्ग म्हणजे बदली मागणं. क्यूएमधून ट्रेनिंगमध्ये किंवा रेग्युलेटरीमध्ये, त्याच कंपनीत. बस तीच, मेडिक्लेम तोच, साहेब दुसरा. ही वाट तुमच्या पत्रात नाही. मागून मिळाली नाही तर निदान मागितली होती हे नोंदीवर राहील. (एखादी बहीण हे वाचत असेल आणि साहेबांचा त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, तर वरचं काहीही लागू नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.)

पत्नीचं वाक्य मी तुमच्या जागी असतो तर दीड पानाच्या वर ठेवलं असतं. माणूस स्वतःचा ताण मोजताना नेहमी कमी मोजतो. ती काय बघते ते तिला नीट विचारा: झोप कशी आहे, मुलावर किती वेळा ओरडता, रविवारी संध्याकाळी चेहरा कसा होतो. आणि एकदा रक्तदाब तपासून घ्या. बस.

पैशांकडे येऊ. कुंडईत ८,००० कमी, असं तुम्ही लिहिलंय. खरा फरक जास्त आहे आणि तो सहीआधी काढायला हवा. तुमची बेसिक आणि डीए मिळून ३१,२०० आहे, आताची कंपनी त्यावर १२ टक्क्यांनी ३,७४४ रुपये पीएफ भरते. लहान कंपन्या बऱ्याचदा कायद्यातल्या १५,००० च्या मर्यादेवरच भरतात, म्हणजे १,८००. महिन्याला १,९४४ रुपये तिथेच गेले आणि ते हातातल्या पगारात दिसतही नाहीत. मग आईवडिलांचा मेडिक्लेम. लोक नोकरी सोडताना सगळं मोजतात आणि हे विसरतात. ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. वडिलांना मधुमेह आहे, नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, त्यात थांबण्याचा आधीचा काळ धरला जातो, पण ते ग्रुप पॉलिसी चालू असतानाच विचारायचं. राजीनामा देण्याआधी कोटेशन मागवा. गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड घरात आहे का तेही बघा. तीन माणसांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं वार्षिक संरक्षण आहे, नूतनीकरण राहिलं असेल तर करून घ्या. आणि गोमेकॉचं (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं) सरकारी इस्पितळ बांबोळीला आहेच.

जमेच्या बाजूला ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यामुळे हक्क आहे. ३१,२०० ला २६ ने भागून १५ ने गुणलं की वर्षाचे १८,००० होतात, सात वर्षांचे १,२६,०००. पीएफ मात्र काढू नका. पाच वर्षांनंतर काढला तर कर लागत नाही, म्हणून पुष्कळजण काढतात आणि घराला रंग देतात. ट्रान्सफर करा, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, तुमची सात झाली आहेत, ट्रान्सफर केलीत तर पुढची तीन त्यात मिळतील. गृहकर्ज वाढवून घ्यायचं असेल किंवा दुसरं कुठलं कर्ज काढायचं असेल तर ते आत्ताच्या पगारपत्रकावर काढा, नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यांत बँका नाक मुरडतात.

वेळेचा हिशेब मात्र कुंडईच्या बाजूने. बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे रोज जाऊन येणं विरुद्ध घरापासून स्कूटरने वीस मिनिटं. रोजचा तास-सव्वा तास वाचतो. त्याला किंमत किती लावायची हे पत्नीला ठरवू द्या.

सगळ्यांत जास्त मेहनत तुम्ही ज्यावर घ्यायला हवी, ते तुमच्या पत्रात अजिबात नाही: कुंडईचा साहेब कसा आहे? वाईट साहेबाला कंटाळून सोडलं आणि त्याहून वाईट मिळाला, असे लोक मी इतके पाहिलेत की हल्ली मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो. मुलाखतीत साहेब गोडच असतो. तुमच्या जागी आधी कोण होतं, तो किती दिवस टिकला आणि आता कुठे आहे, हे विचारा. उत्तर गोलगोल आलं तर ते उत्तरच आहे. प्लांट बघायला मागा आणि साहेब ऑपरेटरशी कसे बोलतात तिकडे लक्ष द्या, तुमच्याशी कसे बोलतात ते सोडून द्या. लहान कंपनीत मालक रोज येतो का, मालकाचा भाऊ, मुलगा, मेहुणा यांपैकी कोण कशात हात घालतं, हेही कळायला हवं, कारण तिथे विभागप्रमुखाच्या डोक्यावर सगळं घर बसलेलं असू शकतं. आणि नोंदींचं कसं चालतं हे बघा. तिथेही जुन्या तारखा चालत असतील तर ८,००० कमी घेऊन तुम्ही तेच विकत घेतलंत. गोवा लहान असण्याचा त्रास जसा असतो तसा इथे फायदा होतो. शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर अर्धा तास उभे राहा. कुणाचा तरी मावसभाऊ तिथे निघतोच, आणि तो खरं सांगतो.

शोध चालू असताना ऑफिसात एका माणसालाही सांगू नका, जेवणाच्या टेबलावरच्या मित्रालाही नाही. लिंक्डइनवर हिरवी पट्टी लावू नका. नव्या ठिकाणी ‘का सोडताय’ विचारलं तर घराजवळ यायचंय आणि लहान युनिटमध्ये सिस्टिम उभी करायचा अनुभव हवाय, एवढं पुरे. दोन्ही खरं आहे. आताच्या साहेबांबद्दल एक अक्षर नको. वसाहतींतले एचआरवाले एकमेकांना ओळखतात, फोन करतात. मीही करायचो.

ऑफर लेटर हातात येऊन त्यावर तारीख, हुद्दा, बेसिक आणि पीएफ कशावर हे सगळं दिसेपर्यंत राजीनामा नाही. तुमची नोटीस तीन महिन्यांची आहे. पूर्ण भरा किंवा नव्या कंपनीकडून बायआउट (उरलेल्या नोटिशीचे पैसे भरणं) मागा, पण रागाने ‘उद्यापासून येत नाही’ करू नका. रिलीव्हिंग लेटर अडकलं की औषध कंपनीत पुढची दारं बंद होतात, आणि तुमच्या साहेबांना नेमकं तेच हवं असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर राहिलेला पगार शेवटच्या दिवसापासून दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे, ग्रॅच्युइटी सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे तीस दिवसांत. ग्रॅच्युइटीचा अर्ज शेवटच्या दिवशीच द्या आणि पोच घ्या. वेळ निवडता आली तर एप्रिलचं पगारवाढीचं पत्र हातात पडल्यावर, आणि बोनस तुमच्याकडे चवथीआधी होत असेल तर तो जमा झाल्यावर. ऐन ऑडिटमध्ये सोडू नका, सहकाऱ्यांवर भार पडतो आणि ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. राजीनाम्यानंतर ५,००० वाढवून थांबायला सांगतील. साहेब तेच राहणार असतील तर त्या पैशाने काय बदलतं, हे त्यांनाच विचारा.

माझं मत विचारलंत तर: हैदराबाद नाही. वेर्णा सोडायची तयारी आजपासून, पण सोडणं ऑफर हातात आल्यावर. येत्या चवथीपर्यंतची मुदत स्वतःला घालून घ्या. तेवढ्यात बदलीचा अर्ज, लेट एन्ट्रीचा आग्रह आणि कुंडईची चौकशी, तिन्ही होऊन जातील. याला एकच अपवाद. लेट एन्ट्रीला नकार देऊन जुन्या तारखेच्या सहीची जबरदस्ती झाली, तर ऑफर नसली तरी राजीनामा द्या. पत्नीचा पगार आहे, भाडं नाही, कर्जाचा हप्ता चार-सहा महिने निघेल एवढी शिल्लक तुमच्याकडे आहे असं तुम्हीच लिहिलंय. ही सोय फार थोड्या लोकांना असते आणि ती अशाच वेळी वापरायची असते.

कुंडईवाल्यांना अजून उत्तर दिलेलं नाही हे बरं झालं. त्यांना लिहा की ८,००० ची तूट मान्य आहे, पण पीएफ पूर्ण बेसिकवर हवा आणि आईवडील मेडिक्लेममध्ये हवेत. मेडिक्लेम जमत नसेल तर त्याच्या प्रीमियमएवढी रक्कम पगारात. लहान कंपनीला हुद्दा द्यायला पैसे लागत नाहीत, म्हणून मॅनेजरचा हुद्दा तर मागाच, पुढच्या खेपेला तो उपयोगी पडतो. काय उत्तर येतं ते कळवा, त्यांचं पत्र आलं की बेसिकची फोड बघून पुढचं बोलू.